मूल बालवाडीत रमले नाही तर

मूल तीन वर्षांचे झाले, की आपण त्याला बालवाडीत घालतो. कुणी सरकारी अंगणवाडीत घालतो, कुणी फी भरून खाजगी बालवाडीत. आई खुरपणीला जाते. मूल चार पोरांत बसते, खाऊ खाते, गाणी शिकते. हे चांगलेच आहे. पण एखादे मूल तिथे रमतच नाही. मग काय करावे?

पहिले काही दिवस मूल रडणारच. आईचा पदर सुटला, की कुणालाही रडू येते. आई दिसेनाशी झाली, की बहुतेक मुले खेळू लागतात. तेवढ्यावरून नाव काढू नका.

पण महिना-दीड महिना झाला, तरी रोज सकाळी पोट दुखते म्हणते. झोपेत दचकते. बोलके पोर गप्प होते. असे झाले तर समजा, काहीतरी बिनसले आहे. मारून-मुटकून पाठवू नका.

आधी स्वतः जाऊन अर्धा तास बसा. बाईंकडे मुले किती आहेत? रडणाऱ्या पोराला त्या जवळ घेतात, की धाक दाखवतात? मग बाईंशी बोला. भांडू नका. विचारा, "बाई, आमचं पोर इथं कसं असतं?" कधी उपाय सोपा असतो. वेळ थोडी कमी केली, ओळखीच्या पोराशेजारी बसवले, की भागते.

मात्र मुलाला मारहाण होत असेल, तर वाट पाहू नका. त्याच दिवशी घरी आणा. अंगणवाडी असेल तर पर्यवेक्षिकेला सांगा. १०९८ या फोनवरही मदत मिळते.

मूल रमले नाही, म्हणजे मूल वाईट, असे नव्हे. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी गावी बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. गरिबांची मुले बालवाडीत येत ना. ताराबाईंनी मुलांना बोल लावला नाही. त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली.

सगळे करून पाहिले, तरी जमत नाही? मग नाव काढावे. त्यात लाज नाही. पण पोराला पाठवायचे गुपचूप बंद करू नका. बाई गावातल्याच, रोज समोर येणार. मनात अढी राहते. खाजगी बालवाडीत फीही चढत जाते. आता तुम्हाला लिहिता येते. दोन ओळी लिहून द्या:

"बाईंस नमस्कार. आमचा मुलगा बालवाडीत रमत नाही. येत्या एक तारखेपासून त्याचे नाव पटावरून कमी करावे, ही विनंती. आपण त्याला सांभाळलेत, त्याबद्दल आभारी आहोत."

खाली तारीख घाला, सही करा. एक प्रत घरी ठेवा. फी चुकती करून पावती घ्या. जन्मदाखला दिला असेल, तर परत मागा. मुलालाही सांगा, "उद्यापासून तू घरी राहायचं." पोराने बाईंना हात जोडून निरोप घ्यावा.

अंगणवाडीतून नाव काढले, तरी वजन आणि लस थांबवू नका. पाचव्या-सहाव्या वर्षीही एक लस असते. ती चुकवू नका.

आणि नाव काढण्याआधीच ठरवा, की मूल सांभाळणार कोण. आजी, मावशी, की दुसरी बालवाडी? थोरल्या मुलीला मात्र शाळेतून काढून घरी बसवू नका. धाकट्याची सोय झाली आणि थोरलीची पाटी फुटली, असे होऊ नये.