कलम नसलेला गुन्हा

बडोद्याच्या जुन्या शहरात मांडवीच्या कमानीखाली उभे राहिले की चार वाटा चार दरवाजांकडे जातात: लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट. 1874 च्या नोव्हेंबरात या चारही वाटांवर एकाच गोष्टीची कुजबुज चालली असणार. छावणीतल्या रेसिडेन्सीत ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेयरसाहेबांच्या सरबतात कुणीतरी विष घातले होते, आणि बोट थेट गादीवरच्या मल्हारराव गायकवाडांकडे दाखवले जात होते.

इथे एक सवाल असा आहे की तो सुचला की डोके गरगरते. महाराजांवर खटला भरायचा, पण कोणत्या कायद्याखाली? 1860 ची दंडसंहिता ब्रिटिश मुलखाची, बडोदे संस्थान तिच्या बाहेर. आणि बडोद्यातला सर्वोच्च न्यायाधीश कोण, तर खुद्द आरोपीच!

कलमच नाही तर गुन्हा कसला, असे आपण पटकन म्हणतो, कारण आपण कलमांच्या देशात वाढलो. तीनशे दोन, चारशे वीस हे आकडे आपल्याकडे शिव्यांसारखे वापरले जातात. पण स्कॉटलंडमध्ये खुनाची व्याख्या सांगणारा संसदेचा कायदा आजही नाही. चोरी, दरोडा, मारहाण, फसवणूक, शांततेचा भंग या साऱ्यांचे तेच. ते गुन्हे आहेत, कारण न्यायालये शतकानुशतके त्यांना गुन्हा म्हणत आली आहेत. व्याख्या शोधायची तर जुने निवाडे उघडायचे, किंवा बॅरन डेव्हिड ह्यूमचा 1797 चा ग्रंथ. (हा ह्यूम म्हणजे तत्त्वज्ञ ह्यूमचा पुतण्या. नावे अगदी सारखी असल्याने गोंधळ ठरलेला.) कुणाच्या घरात शिरून त्यालाच मारहाण केली, तर त्या अपराधाला तिथे ‘हेमसकन’ असे स्वतंत्र नाव होते.

त्याहून नवल म्हणजे, एडिंबरोच्या उच्च फौजदारी न्यायालयाने नवा अपराध स्वतःच जाहीर करण्याचा अधिकार आपल्याकडे असल्याचे मानले. 1838 मध्ये ग्रीनहफ नावाच्या माणसाच्या प्रकरणात सार्वजनिक जुगाराचा अड्डा चालवणे हा गुन्हा आहे, असे न्यायाधीशांनी बहुमताने ठरवले. लॉर्ड कॉकबर्न यांनी तेव्हाच विरोध नोंदवला: हे काम संसदेचे, आपले नव्हे. मला कॉकबर्न यांचे पटते. पण याच लवचीक कायद्याने 1989 मध्ये पत्नीवरच्या बलात्कारासाठी नवऱ्यालाही दोषी धरता येते असे म्हटले. आपल्या लिखित संहितेत त्या नवऱ्याला दिलेली सूट नव्या न्याय संहितेतही कायम राहिली आहे.

आता पुन्हा छावणीत. 9 नोव्हेंबर 1874 ची सकाळ. फेयर फिरून आले, मेजावर ठेवलेल्या पपनसाच्या सरबताचे दोनतीन घोट घेतले, पोटात कसेसे झाले म्हणून बाकीचे खिडकीतून बाहेर फेकले. पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांनी तो तपासला, तर सोमल. शिवाय काही चकाकते कण, ती म्हणे हिऱ्याची पूड. मल्हाररावांचा पूर्वेतिहासही सोयीचा होता: थोरले बंधू खंडेराव यांच्याविरुद्ध कट केल्याच्या संशयावरून ते 1863 पासून पाद्र्याला कैदेत होते, आणि खंडेराव वारल्यावर 1870 मध्ये कैदेतून थेट गादीवर आले. फेयरशी त्यांचे हाडवैर. फेयरना परत बोलवा, असा महाराजांचा खलिता विषप्रयोगाच्या आदल्याच आठवड्यात व्हाइसरॉयकडे गेला होता.

जानेवारी 1875 मध्ये महाराजांना अटक झाली आणि सहा जणांचा आयोग बसला: बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच, मीड, मेलव्हिल; आणि हिंदी बाजूने ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंग व सर दिनकरराव. बचावाला थेट लंडनहून सार्जंट बॅलन्टाइन आले. त्यांची फी हाच हिंदुस्थानभर चर्चेचा विषय झाला.

खरी गंमत पट्ट्याची. रेसिडेन्सीचा हवालदार रावजी माफीच्या वचनावर कबूल झाला की सरबतात पूड मीच टाकली. पुढे सोमलाची एक पुडी त्याच्या पट्ट्याच्या खिशात सापडली. तोवर तो पट्टा दुसऱ्याच शिपायाच्या अंगावर होता! आठवडे उलटून गेल्यावर, मुंबई पोलिसांच्या हाती, नेमकी हवी ती पुडी. बॅलन्टाइन यांनी ती पोलिसांनीच तिथे ठेवली असे सुचवून उलटतपासणीत रान उठवले. महाराजांचे खाजगी कारभारी दामोदरपंत यांचीही साक्ष माफीवरचीच, तीही बरेच दिवस पहाऱ्यात काढल्यानंतरची. जमादार नरसू तर जबानीनंतर रेसिडेन्सीच्या आवारातल्या विहिरीत पडला होता. कबुली देणारेच सगळे, आणि प्रत्येकाला आपापली मान वाचवायची होती.

निकाल तीनास तीन. तिघा इंग्रजांच्या मते महाराज दोषी; तिघा हिंदी सभासदांच्या मते मुख्य आरोप शाबीत झालेला नाही.

‘शाबीत नाही’ हा शब्दप्रयोग वाचताना स्कॉटलंड पुन्हा आठवते, कारण तिथे ‘दोषी’ आणि ‘निर्दोष’ यांच्या जोडीला हा अधिकृत तिसरा निकालच होता. 1857 मध्ये ग्लासगोच्या एका वास्तुशिल्पकाराची मुलगी मॅडलिन स्मिथ हिच्यावर प्रियकराला सोमल चारून मारल्याचा खटला एडिंबरोत चालला. त्याच्या पोटात 80 ग्रेनहून जास्त सोमल सापडला, तिने सोमल विकत घेतल्याच्या नोंदीही होत्या. पंधरा पंचांनी खुनाच्या आरोपावर ‘शाबीत नाही’ म्हटले आणि ती मोकळी झाली. न्यूयॉर्कला 1928 मध्ये वारली. हा तिसरा निकाल रद्द करणारा कायदा स्कॉटलंडच्या संसदेने 2025 मध्ये केला.

मल्हाररावांना मात्र तो उपयोगी पडला नाही. एप्रिल 1875 च्या जाहीरनाम्यात सरकारने लिहिले की आपला निर्णय आयोगाच्या अहवालावर आधारलेला नाही, आरोप खरे ठरले असेही आपण धरत नाही. तरी गैरवर्तन व भयंकर दुष्कारभार या कारणांनी गादी काढली. निवाड्यांच्या अलिखित कायद्याला निदान जुन्या निवाड्यांचा लगाम असतो. इथे सार्वभौम सत्तेच्या मर्जीला कसलाच नव्हता. महाराज मद्रासला गेले, 1882 मध्ये तिथेच वारले. खंडेरावांच्या विधवा जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा मुलगा दत्तक घेतला, तेच सयाजीराव.

मल्हाररावांचा कारभार वाईट होता यात मला शंका नाही. पण विष त्यांनीच घातले, हे त्या पट्ट्याच्या जोरावर मी मान्य करणार नाही. खटल्याच्या साक्षी छापून निघालेल्या आहेत. रावजीची उलटतपासणी एकदा वाचा, आणि सातवे मत तुम्ही द्या.