अजून वर कोण आहे?

पावसाळ्यात काका पेन आणत नाहीत. ओल्या कागदावर ते उमटत नाही, म्हणून शिसपेन्सिल. शंभरपानी वही, वहीला दुधाच्या धुतलेल्या पिशवीचं कव्हर, आणि प्रत्येक पानावर पट्टीनं आखलेले तीन रकाने: नाव, वर गेल्याची वेळ, खाली आल्याची वेळ. साताऱ्यात राजवाडा, समर्थ मंदिर, बोगदा आणि तिथून यवतेश्वरचा घाट अशा वाटेनं रविवारी पळणारे कितीतरी गट आहेत. त्यातल्या एका गटाचा सगळा कारभार या वहीवर चालतो. तिसरा रकाना भरल्याशिवाय काका टेबल आवरत नाहीत.

काका एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. स्वतः कधी पळाले नाहीत. भाची पळायला लागली, अंधारात एकटी कशी जाईल म्हणून तिच्यासोबत स्कूटरवरून यायला लागले. भाची लग्न होऊन पुण्याला गेली, काकांचं येणं चालूच राहिलं.

२०१२ साली इथली सातारा हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली. एकवीस किलोमीटर, जाताना घाट चढायचा आणि येताना तोच उतरायचा. तेव्हापासून या गावात पळणं घरोघरी पोचलं. स्पर्धेच्या दिवशी जागोजागी पाणी असतं, डॉक्टर असतात, ॲम्ब्युलन्स असते. पण स्पर्धा वर्षातून एकदा. तिच्यासाठी जे महिनोन् महिने सराव करतात, त्यांच्या रविवारी यातलं काही नसतं, काका असतात. हे काम नेमकं काय आहे ते बघावं म्हणून या पावसाळ्यात काही रविवार मी पळणं बाजूला ठेवून त्यांच्या टेबलापाशी उभी राहिले.

कामाची सुरुवात शनिवारी संध्याकाळी होते. ग्रुपवर नावं येतात, काका ती वहीत उतरवतात. मग पाणी. ओआरएसची एक पुडी एक लिटर पाण्यात, यात त्यांना तडजोड चालत नाही. पाच लिटरच्या कॅनवर त्यांनी रंगानं खूण केली आहे. खुणेपर्यंत पाणी, पाच पुड्या. पुड्या संपल्याच तर लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. अंदाजानं चिमूटभर टाकणाऱ्याला ते हात लावू देत नाहीत. साध्या पाण्याचा जार वेगळा, त्याला निळं फडकं. मिठाच्या पाण्याला लाल. गुळाचे खडे, खजूर, मीठ लावलेल्या लिंबाच्या फोडी, सगळं झाकणाच्या डब्यात. केळी मात्र नाहीत. घाटात माकडं आहेत, आणि केळ्याचा घड दिसला की ती टेबलावरच येतात. कागदी पेले बंद करून त्यांनी स्टीलचे ग्लास आणले, कारण पेले वाऱ्यानं दरीत जायचे. ते ग्लास घरी नेऊन घासण्याचं कामही त्यांचंच. या घासण्याबद्दल गटात कुणी कधी बोलताना मी ऐकलं नाही, आणि ते मला खटकलं.

टेबल कुठे लावायचं यातही विचार आहे. चढ संपतो तिथे लावलं तर माणसं थांबतात, अंग गार होतं, पोटऱ्या धरतात. ऐन चढावर लावलं तर थकलेल्याचा पाय पुन्हा उचलत नाही. काकांनी जागा निवडली आहे ती वळणानंतरच्या जरा सपाट तुकड्यावर, जिथून वरचा आणि खालचा रस्ता दोन्ही बऱ्यापैकी दिसतो. गाड्यांचं भान इथे सतत ठेवावं लागतं. कास पठार २०१२ मध्येच पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं, आणि फुलांच्या दिवसांत रविवारी उजाडायच्या आत पर्यटकांच्या गाड्या घाटाला लागतात. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून पळणाऱ्यानं रस्त्याच्या उजव्या कडेनं जायचं, हा नियम. पण उजवीकडे वळणाऱ्या आंधळ्या वळणावर आतल्या कडेचा माणूस ड्रायव्हरला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. तिथे आधीच, सरळ रस्ता असतानाच, पलीकडे जायचं. नव्या माणसाला हे वळण काका स्वतः चालून दाखवतात. मग चमकणारं जाकीट घालून, बॅटरी घेऊन तिथेच उभे राहतात.

ते माणसं बघतात, पण धुक्यात आधी ऐकतात. उतारावर पाय कसा पडतोय यावरून त्यांना नाव कळतं. पाऊल फटफट आपटायला लागलं की मांड्या दमल्या. उतारावर शरीराला सतत ब्रेक लावायचं काम त्याच करत असतात. अशा माणसाला ते ओरडून सांगतात, “लहान पावलं टाक रे, उड्या नको!”

आणि प्रत्येकाला ग्लास देताना एक प्रश्न विचारतात. “काय गं, लेकरं उठली असतील का आता?” “डॉक्टर, आज दवाखाना किती वाजता?” सुरुवातीला मला ही आपुलकी वाटली. आपुलकी आहेच. पण काका तेव्हा डोळे उत्तर देणाऱ्याच्या तोंडावर ठेवतात. उत्तर चटकन आलं तर माणूस पुढे. अडखळलं, भलतंच आलं, तर त्याला टेबलामागे बसवतात, आणि बसवला की तो त्या दिवशी पळत नाही. उष्णतेनं असो वा रक्तातलं मीठ उतरल्यानं, माणसाचा गोंधळ उडायला लागणं ही धोक्याची खूण. ती तपासायची रीत या माणसानं गप्पांमध्ये मुरवून टाकली आहे.

रक्तातलं मीठ उतरण्याची ही धास्तीही उगाच नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंच्या रक्ताचे नमुने तपासले, तेव्हा १३ टक्के जणांचं सोडियम नेहमीच्या पातळीखाली गेलेलं आढळलं. ज्यांचं वजन पळून कमी व्हायच्या ऐवजी वाढलं होतं, म्हणजे जे गरजेपेक्षा जास्त प्यायले होते, आणि ज्यांना चार तासांहून अधिक लागले होते, त्यांच्यात हे ठळक होतं. पुढे धावणाऱ्याला प्यायला सवडच नसते. सावकाश येणारा प्रत्येक थांब्यावर थांबतो, आणि आपण हळू आहोत या संकोचात जो देईल तो ग्लास घेतो. म्हणून मागच्या लोकांना काका आधी विचारतात, “तहान लागलीय का?” नाही म्हटलं तर ग्लास पुढे करत नाहीत.

मला या कामाचा गाभा इथेच दिसतो. गटात कौतुक वेळेचं होतं. कुणी दोन तासांच्या आत हाफ केली की हार, फोटो. काकांचं सगळं लक्ष मात्र उलट्या टोकाला. इंग्लंडमध्ये लंडनजवळच्या बुशी पार्कात २ ऑक्टोबर २००४ रोजी तेरा जण पाच किलोमीटर पळाले आणि पाच स्वयंसेवकांनी त्यांची व्यवस्था पाहिली. त्यातून उभ्या राहिलेल्या पार्करनमध्ये सर्वांत शेवटी एक स्वयंसेवक चालतो, म्हणजे पळायला आलेला कुणीच शेवटचा ठरत नाही. काकांनी पार्करनचं नावही ऐकलेलं नव्हतं. पण सगळे उतरले आणि एकच नाव राहिलं, की ते टेबल दुसऱ्याच्या हवाली करतात, छत्री घेतात आणि चालत वर निघतात. भेटलेल्या माणसाला उशीर का झाला हे विचारत नाहीत. त्याच्या चालीनं चालतात, गावातल्या पावसापाण्याच्या गोष्टी करतात. पहिल्यांदा घाटात आलेल्या, पन्नाशीच्या एका बाईंबरोबर ते असे उतरताना मी पाहिलं. त्या पुढच्या रविवारी पुन्हा आल्या. वेगवान माणसं गट सोडून गेली तरी गट टिकतो. अशा बाई यायच्या थांबल्या तर तो चार तरण्या पोरांची शर्यत होऊन बसेल.

आता काकांचा गुडघा कुरकुरतो, म्हणून कॉलेजातली एक मुलगी वही सांभाळायला शिकते आहे. तिनं मोबाइलवर तक्ता केला. काकांनी तो नीट बघितला, चांगला आहे म्हणाले, आणि विचारलं, “घाटात रेंज नसली तर?” तेव्हापासून दोन्ही चालतं. गेल्या रविवारी तिनं एका पोराला बसवलं. तो चिडला, मी ठीक आहे म्हणाला. तिनं काकांकडे पाहिलं. काका लिंबं कापत राहिले. मग तिनंच त्याला शर्टाला धरून खुर्चीत बसवलं आणि त्याच्या भावाला फोन लावायला रेंज मिळेल तिथपर्यंत खाली पळाली. फुलांची गर्दी वाढेल तेव्हा टेबल वळणापासून आणखी लांब घ्यायचं, हेही तिनंच सुचवलं आहे. येत्या शनिवारी दोघं जाऊन जागा बघून येणार आहेत.