पोरीला शब्द कुठून मिळणार?

ट्रॉम्बेच्या चिता कॅम्पमध्ये आमच्या गल्लीत दुसरीत शिकणारी एक मुलगी आहे. मागच्या वर्षी शाळेतून तिच्या आईला बोलावणे आले. मुलगी अक्षरे ओळखते, जोडाक्षरेही वाचते, पण धडा संपल्यावर काय वाचले ते सांगता येत नाही. 'डोक्याने जरा मंद दिसते,' असे बाई म्हणाल्या. आई रडतच माझ्याकडे आली.

मी पोरीला जवळ बसवले आणि तोच धडा वाचायला सांगितला. तिने घडाघडा वाचला. मग एकेक शब्द विचारत गेले. बांध म्हणजे काय? माहीत नाही. ओसरी? माहीत नाही. हिरमुसणे? नुसती बघत राहिली. शेवटी म्हटले, "बरं, खाडीला ओहोटी लागली की चिखलात काय काय दिसतं?" झाले! निवटी, चिंबोरी, बगळे, अडकलेली होडी. पोर थांबायलाच तयार नाही. आता मंद कोण, ते वाचकांनीच ठरवावे.

अणुसंशोधन केंद्रालगतची जनता कॉलनी १९७६ साली उठवली आणि तिथल्या लोकांना इथे आणून वसवले, तोच हा चिता कॅम्प. इथल्या आज्या-आजोबांचे गाव सुटले, शेत सुटले, आणि बांध, ओसरी हे शब्दही तिकडेच राहिले. इथे गल्लीत तमिळ, हिंदी, उर्दू, मराठी सगळे कानावर पडते. पोरे चार भाषांत भांडतात. हा काही दोष नव्हे. पण पाठ्यपुस्तकातला शब्द त्या भांडणात भेटत नाही, एवढे खरे.

घरात आपण मुलांशी बोलतो ते कसे, ते एक दिवस कान देऊन ऐका. 'ते दे', 'हे उचल', 'तिकडे ठेव', 'लवकर कर'. वस्तू समोर असते, बोट दाखवले की काम भागते. गोष्टीत मात्र काहीच समोर नसते. जंगल, पाऊस, घाबरलेला ससा, सारे शब्दांनीच उभे करावे लागते. म्हणून गोष्टीत शब्द जास्त आणि वेगवेगळे. अमेरिकेत हेज आणि आहरेन्स या संशोधकांनी १९८८ साली याची मोजदाद प्रसिद्ध केली. लहान मुलांच्या पुस्तकांत दर हजार शब्दांमागे सुमारे ३१ शब्द कमी वापरातले निघाले. पदवीधर मोठी माणसे आपसात गप्पा मारतात त्यात अवघे १७. हिशेब इंग्रजीचा आहे, पण कारण आपल्या दहा बाय बाराच्या खोलीलाही लागू पडते. म्हणजे आईबाप शिकलेले असोत वा नसोत, नुसत्या बोलण्यावर मुलाची भाषा भरत नाही.

माता-भगिनींनो, इथे तुम्ही म्हणाल, आम्ही चार घरची धुणीभांडी करून संध्याकाळी येतो, वाचायचे कधी आणि वाचता येते कुणाला? प्रश्न रास्त आहे. आमच्या या घरात पाचवीतल्या मोठ्या भावाला वाचायला बसवले. रोज जेवणानंतर दहा मिनिटे. आजीला अक्षर येत नाही, पण 'मग काय झालं गं?', 'तो असं का वागला?' हे विचारायचे काम तिच्याकडे. ते काम तिने भावापेक्षा चांगले केले. पुस्तकात विहीर आली की आजी गावची विहीर सांगू लागायची आणि गोष्ट तिथेच अडायची. अडू द्यावी. ओसरी आणि बांध पोरीला कळले ते अशा अडण्यातूनच.

एकच पुस्तक मूल पुन्हा पुन्हा मागते म्हणून कंटाळू नका. इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठात २०११ साली तीन वर्षांच्या मुलांवर प्रयोग झाला. त्याच त्या गोष्टी पुन्हा ऐकलेल्या मुलांना नवे शब्द जास्त लक्षात राहिले. वेगवेगळ्या गोष्टींत तेच शब्द तितक्याच वेळा ऐकलेल्यांना कमी. आपल्या आज्यांना हे विद्यापीठाने सांगावे लागले नव्हते.

अर्थ मात्र शब्दकोशासारखा सांगू नये. 'कावराबावरा' शब्द आला तेव्हा आई म्हणाली, "६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत माझा हात सुटला होता, तेव्हा तू कशी झाली होतीस? तसा हा ससा." पुन्हा सांगावे लागले नाही.

काही पालक विचारतात, मूल इंग्रजी शाळेत घातले आहे, मराठी गोष्टींचा उपयोग काय? उपयोग असा की, हिरमुसणे म्हणजे काय हे ज्या मुलाला मनातून कळले आहे, त्याला इंग्रजीत त्याचे फक्त नाव शिकायचे असते. ज्याला ते कुठल्याच भाषेत कळलेले नाही, त्याच्यावर दुप्पट ओझे. घरात इंग्रजी नाही आणि मराठीही 'हे घे, ते दे' इतकीच, अशी मुले दोन्हीकडून कोरडी राहतात. हे मी आमच्या वस्तीत डोळ्यांनी पाहते आहे.

पुस्तकांचे म्हणाल तर, ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर आपला समाज जेवढी पुस्तके घेतो तेवढी क्वचितच कोणी घेत असेल. पण त्या पिशवीत चार वर्षांच्या मुलासाठी काय असते? चरित्रे, भाषणे, दिनदर्शिका. सुभेदार रामजींनी लेकींचे दागिने गहाण टाकून भीमरावांना पुस्तके आणून दिली, हे आपण दरवर्षी सांगतो. मग त्या पिशवीत एक चित्रांची गोष्ट का नसावी? माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर'सारखी लहान पुस्तके आहेत, जातककथांतली माकड-मगरीची, बडबड्या कासवाची गोष्ट आहे. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी चित्रकथा मिळतात. फोन मात्र मोठ्यांच्या हातात ठेवावा.

एक तक्रार करते. बऱ्याच बालपुस्तकांतल्या घराला वेगळे स्वयंपाकघर, अंगण, बाग असते. खाडीकाठची, नळावरच्या रांगेतली गोष्ट शोधूनही सहज सापडत नाही. म्हणून आम्ही शंभर पानी वही घेतली. पोर सांगेल ते भावाने लिहायचे, चित्र तिने काढायचे.

दिवाळीच्या सुट्टीतले पान माझ्यासमोर आहे. वर निळ्या खडूची खाडी, खाली डोळे वटारलेली निवटी. मजकूर असा: 'भरती आली. निवटी बिळात गेली. तिचा भाऊ बाहेरच खेळत राहिला. म्हणून ती हिरमुसली.'