विश्लेषण : जगातील १२ कोटी विस्थापितांत कोणाची गणना होते, कोणाची नाही?

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाच्या, म्हणजेच यूएनएचसीआरच्या अहवालानुसार २०२४ च्या अखेरीस जगभरात १२ कोटी ३२ लाख लोक सक्तीने विस्थापित झालेले होते. जगातील दर ६७ माणसांमागे एक माणूस आपले घर सोडून अन्यत्र राहत होता. हा आकडा दरवर्षी जूनमध्ये जाहीर होतो, त्यावर दोन दिवस चर्चा होते आणि तो मागे पडतो. मात्र या १२ कोटींत नेमके कोण मोजले गेले आणि कोण मोजले गेले नाही, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी सुदान किंवा सीरियापर्यंत जाण्याची गरज नाही. महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेला, तेलंगणच्या आदिलाबाद जिल्ह्यातील तलमडुगुचा परिसर त्यासाठी पुरेसा आहे.

तलमडुगु हे मंडलाचे ठिकाण आहे. मुदखेडहून आदिलाबादला जाणाऱ्या लोहमार्गावर किनवट मागे टाकल्यानंतर तलमडुगुचे स्थानक लागते. या पट्ट्यात तेलुगू, मराठी, गोंडी आणि उर्दू या भाषा शेजारी शेजारी नांदतात. येथील परधान समाजाची मातृभाषा तर मराठीच आहे. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा हे दोन्ही तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हे दोन्ही तालुके मराठी मुलखात आले, तर तलमडुगुसह उर्वरित जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. पुढे राजुरा चंद्रपूर जिल्ह्याला जोडला गेला आणि २०१४ मध्ये तेलंगण राज्य झाले. येथे माणसे जागेवर राहिली आणि सीमा सरकली. विस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय हिशेबात या सीमेलाच सर्वाधिक महत्त्व आहे.

निर्वासित कोणाला म्हणतात?

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात लाखो लोक बेघर झाले होते. त्यांच्यासाठी २८ जुलै १९५१ रोजी जिनिव्हा येथे निर्वासितांसंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार संमत झाला. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत या कारणांवरून छळ होण्याची सार्थ भीती असल्यामुळे जो स्वतःच्या देशाबाहेर आहे आणि परत जाऊ शकत नाही, तो निर्वासित, अशी व्याख्या या कराराने केली. आरंभी ती युरोपातील घटना आणि १९५१ पूर्वीचा काळ डोळ्यांपुढे ठेवून केलेली होती. १९६७ च्या पूरक कराराने स्थळाचे आणि काळाचे हे बंधन दूर केले.

या व्याख्येला दोन अटी आहेत : छळाची भीती हवी आणि देशाची सीमा ओलांडलेली हवी. ज्याने सीमा ओलांडली नाही, तो कितीही संकटात असला तरी 'देशांतर्गत विस्थापित' ठरतो. २०२४ च्या अखेरीस १२ कोटी ३२ लाखांपैकी ७ कोटी ३५ लाख लोक या दुसऱ्या गटात होते. म्हणजे दहांतील सहा विस्थापित स्वतःच्याच देशात आहेत. सीमेपलीकडे गेलेल्या निर्वासितांची संख्या ४ कोटी २७ लाख होती. त्यांतील ५९ लाख पॅलेस्टिनी निर्वासितांची जबाबदारी संयुक्त राष्ट्रांच्या स्वतंत्र यंत्रणेकडे आहे. उरलेल्यांत आश्रयाच्या अर्जावर निर्णय न झालेल्यांचा मोठा वाटा आहे.

निर्वासितांचे लोंढे श्रीमंत देशांकडे वळतात, हा समजही आकड्यांशी जुळत नाही. त्यांतील ६७ टक्के लोक शेजारच्याच देशात थांबतात आणि ७३ टक्क्यांना अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांनी आसरा दिला आहे. माणूस पळतो तो जवळच्या सीमेकडे, जेथे भाषा कळते आणि एखादा नातलग भेटण्याची आशा असते.

पैनगंगा ओलांडणारे

आदिलाबादच्या सीमेवर हे १९४७-४८ मध्ये प्रत्यक्ष घडले. भारत स्वतंत्र झाला तेव्हा हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले नव्हते. आदिलाबाद जिल्हा निझामाच्या राज्यात आणि पैनगंगेपलीकडील यवतमाळ जिल्हा भारतात, अशी स्थिती होती. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारत सरकार व निझाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला, परंतु कासिम रझवीच्या रझाकारांचे अत्याचार वाढत गेले. मराठवाडा आणि तेलंगणच्या सीमावर्ती गावांतील असंख्य कुटुंबे वऱ्हाड, मध्य प्रांत आणि मुंबई इलाख्यात आश्रयाला गेली. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील हैदराबाद स्टेट काँग्रेसने सीमेलगत शिबिरे उघडली, तीही याच काळात.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निझामाने शरणागती पत्करली. त्यानंतर सीमेपलीकडे गेलेले बहुतेक लोक परतले. परंतु त्याच आठवड्यांत संस्थानाच्या अनेक भागांत मुस्लिम वस्त्यांवर हल्ले झाले. पंडित सुंदरलाल समितीने या हिंसाचारातील मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा मांडला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांना त्याची सर्वाधिक झळ पोहोचली. एका वर्षाच्या आत एका समूहाने जीव मुठीत धरून गाव सोडले आणि तो परतत असताना दुसऱ्या समूहावर तीच वेळ आली. आजच्या निकषाने या दोन्ही समूहांची नोंद आकडेवारीत झाली असती, कारण दोघांच्याही स्थलांतरामागे हिंसा होती.

याच जुन्या जिल्ह्याने पुढे परदेशातून आलेल्या निर्वासितांनाही जागा दिली. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली हिंदू कुटुंबांना १९६० च्या दशकात कागजनगरजवळील ईसगाव परिसरात वसवण्यात आले. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी आणि मुलचेरा भागातही अशीच गावे उभी राहिली. ही माणसे देशाची सीमा ओलांडून आली होती, त्यामुळे त्यांना निर्वासित हे नाव मिळाले आणि नावासोबत पुनर्वसनाची योजना व जमीनही मिळाली.

गोंडांची नोंद कोठे?

मात्र या सर्वांच्या आधी याच जिल्ह्यात आणखी एक मोठे विस्थापन घडून गेले होते. ते कोणत्याही रकान्यात बसले नाही.

आदिलाबादच्या डोंगरपट्ट्यातील गोंड आणि कोलाम शेतकरी हलक्या जमिनीत काही वर्षे पीक घेत आणि मग ती पडीक ठेवून दुसऱ्या तुकड्याकडे वळत. जमीन मुबलक असल्याने तिचा पट्टा नावावर करून घेण्याचे कारण त्यांना कधी पडले नव्हते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निझाम सरकारने राखीव जंगलांच्या सीमा आखण्यास सुरुवात केली, तेव्हा पडीक ठेवलेली जमीन जंगल म्हणून नोंदली गेली. कसलेल्या शेताचाही कागद नसल्याने ते शेत अतिक्रमण ठरले. अनेक वस्त्या उठवण्यात आल्या, काही ठिकाणी घरे जाळण्यात आली. दुसरीकडे, कागदपत्रांचा व्यवहार जाणणाऱ्या बाहेरच्या लोकांनी सुपीक जमिनीचे पट्टे मिळवले. कुमरम भीम यांचा उठाव या असंतोषातून झाला आणि १९४० मध्ये जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात ते मारले गेले. आजही आश्विन पौर्णिमेला तेथे त्यांच्या स्मृतीसाठी आदिवासी जमतात.

या विस्थापनाची सविस्तर नोंद ज्याने केली, तो स्वतः परका ठरवला गेलेला माणूस होता. ऑस्ट्रियाचे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ १९३९ मध्ये भारतात असताना महायुद्ध पेटले. त्यांच्याकडे जर्मन पारपत्र असल्याने ब्रिटिशांच्या लेखी ते शत्रुराष्ट्राचे नागरिक झाले आणि त्यांच्या वावरावर हैदराबाद संस्थानापुरते बंधन आले. या सक्तीच्या मुक्कामात त्यांनी आदिलाबादच्या गोंडांमध्ये राहून अभ्यास केला. मारलवाई येथे गोंडी माध्यमातून शिक्षक घडवणारे केंद्र सुरू झाले आणि हजारो आदिवासींना जमिनीचे पट्टे देण्यात आले, त्यामागे त्यांचा पाठपुरावा होता. गोंडांना पुन्हा पाय रोवता आले, ते त्यांच्या नावावर जमिनीचा कागद झाला म्हणून.

विकासासाठी उठवलेली माणसे

यूएनएचसीआरच्या व्याख्येनुसार छळ, संघर्ष, हिंसाचार, मानवी हक्कांचे उल्लंघन आणि सार्वजनिक सुव्यवस्था गंभीरपणे ढासळवणाऱ्या घटना ही सक्तीच्या विस्थापनाची कारणे आहेत. नैसर्गिक आपत्तींमुळे झालेल्या विस्थापनाची मोजदाद जिनिव्हातील देशांतर्गत विस्थापन निरीक्षण केंद्र स्वतंत्रपणे करते. २०२४ मध्ये आपत्तींमुळे ४ कोटी ५८ लाख वेळा लोकांना घर सोडावे लागले, असे या केंद्राने नोंदवले आहे. धरण, खाण, रस्ता किंवा अभयारण्यासाठी उठवलेल्या माणसाला मात्र १२ कोटींच्या या आकड्यात स्थान नाही.

भारतात हा गट किती मोठा आहे? समाजशास्त्रज्ञ वॉल्टर फर्नांडिस यांच्या अंदाजानुसार १९४७ ते २००४ या काळात विकासप्रकल्पांमुळे विस्थापित किंवा बाधित झालेल्यांची संख्या सुमारे ६ कोटी आहे आणि त्यांत सुमारे ४० टक्के आदिवासी आहेत. दोन्ही आकडे सारख्या पद्धतीने काढलेले नाहीत, एक ठरावीक दिवसाचा आहे आणि दुसरा अनेक दशकांचा, त्यामुळे त्यांची बेरीज करता येणार नाही. तरीही एकाच देशातील ही संख्या जागतिक आकड्याच्या जवळपास निम्मी आहे, हे लक्षात घ्यावे लागते.

गोव्यातील वाचकांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. साळावली धरणासाठी सांगे तालुक्यातील कुर्डी गाव १९८० च्या दशकात पाण्याखाली गेले. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचे हे मूळ गाव. तेथील सुमारे तीन हजार लोक वाडे आणि वालकिणी येथील वसाहतींत गेले. दरवर्षी मे महिन्यात पाणी ओसरले की ते आपल्या घरांची जोती पाहण्यासाठी आणि सोमेश्वराच्या दर्शनासाठी परततात. दक्षिण गोव्याच्या मोठ्या भागाच्या नळांना ज्या गावामुळे पाणी येते, त्या गावची माणसे जगातील कोणत्याही विस्थापितांच्या यादीत नाहीत.

आदिलाबादच्या जुन्या जिल्ह्यात ही प्रक्रिया थांबलेली नाही. कव्वाल अभयारण्याला २०१२ मध्ये व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि आता निर्मल जिल्ह्यात असलेल्या कडम मंडलातील रामपूर व मैसमपेट या गावांतील १४२ कुटुंबांचे स्थलांतर त्यासाठी हाती घेण्यात आले. जंगलाच्या गाभा क्षेत्रातून बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला १५ लाख रुपये किंवा जमीन व घर, असे पर्याय दिले जातात. हे स्थलांतर कागदोपत्री स्वेच्छेचे असते. रस्ता, वीज आणि दवाखाना या सोयी ज्या वस्तीला वर्षानुवर्षे मिळत नाहीत, त्या वस्तीने दिलेल्या संमतीला स्वेच्छा कितपत म्हणावे, हा वादाचा मुद्दा आहे.

नावाने काय फरक पडतो?

निर्वासित ठरलेल्या माणसाला छळाच्या ठिकाणी परत पाठवता येत नाही, हे आंतरराष्ट्रीय कायद्याचे मूलतत्त्व आहे. भारताने १९५१ च्या करारावर स्वाक्षरी केलेली नाही आणि निर्वासितांसाठी देशात स्वतंत्र कायदाही नाही. त्यामुळे तिबेटी, श्रीलंकेतील तमिळ किंवा रोहिंग्या यांच्याबाबतचे निर्णय सरकारच्या तत्कालीन धोरणावर अवलंबून राहतात.

देशांतर्गत विस्थापितांसाठी संयुक्त राष्ट्रांनी १९९८ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. व्यापक लोकहिताचे ठोस कारण नसताना मोठ्या विकासप्रकल्पांसाठी लोकांना हलवणे, हे मनमानी विस्थापन आहे, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. ही तत्त्वे बंधनकारक नाहीत. आफ्रिकी देशांनी मात्र २००९ च्या कंपाला करारात प्रकल्पग्रस्तांचा समावेश करून ती कायद्याच्या चौकटीत आणली. भारतात वनहक्क कायदा २००६ आणि भूसंपादन व पुनर्वसनाचा २०१३ चा कायदा हे प्रकल्पग्रस्तांचे मुख्य आधार आहेत. पहिला जंगलातील कसत्या जमिनीवरचा हक्क मान्य करतो, तर दुसरा मोबदला आणि पुनर्वसनाची तरतूद करतो. मात्र विस्थापित झाल्यानंतर त्या कुटुंबाचे पाच किंवा दहा वर्षांनी काय झाले, याची राष्ट्रीय पातळीवर नियमित नोंद ठेवणारी यंत्रणा नाही. सुदानमधील विस्थापितांचा आकडा दरवर्षी अद्ययावत होतो. पुनर्वसन वसाहतीतील घरांचा होत नाही.

तलमडुगुच्या वायव्येला, यवतमाळ जिल्ह्यात निम्न पैनगंगा हा महाराष्ट्र आणि तेलंगण यांचा संयुक्त प्रकल्प आहे. त्याचे पाणी दोन्ही राज्यांना ८८ आणि १२ टक्के या प्रमाणात मिळायचे आहे. बुडिताखाली येणाऱ्या यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांतील गावांचा त्याला अनेक वर्षांपासून विरोध आहे. पाण्याची वाटणी टक्क्यांत ठरली आहे. उद्या ही गावे उठली, तर त्यांतील माणसे कोणतीही आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडणार नाहीत, कोणत्याही युद्धातून पळालेली नसतील आणि पुढच्या जूनमध्ये जाहीर होणाऱ्या आकड्यात त्यांच्यामुळे एकाचीही भर पडणार नाही. १९४८ मध्ये याच नदीचे पात्र ओलांडणाऱ्यांना लोकांनी निर्वासित म्हटले होते. आता त्याच नदीच्या पाण्यामुळे घर सोडावे लागणाऱ्यांची किमान मोजदाद तरी व्हावी, हे काम जिनिव्हाचे नसून नागपूर, मुंबई, हैदराबाद आणि दिल्ली येथील कार्यालयांचे आहे.