‘गिऱ्हाईक आणा, कमिशन घ्या’ म्हणणाऱ्याला आधी नंबर विचारा

आम्ही गावोगावच्या गटांच्या बैठकांना जातो, तेव्हा हल्ली एक विषय हमखास निघतो. तालुक्याच्या रस्त्यालगत कुणीतरी प्लॉट पाडलेले असतात. तिथला माणूस रंगीत कागद घेऊन बैठकीला येतो आणि म्हणतो, “ताई, तुमच्या ओळखी मोठ्या. चार गिऱ्हाइकं आणा, प्लॉटमागे कमिशन घ्या.” पापड लाटण्यापेक्षा हे काम सोपं वाटतं. त्यात भांडवल लागत नाही, उन्हात उभं राहायला नको. म्हणून आज याच कामाचा कायदा आपण नीट समजून घेऊ.

घर-प्लॉटच्या व्यवहारांसाठी २०१६ साली रेरा नावाचा कायदा झाला. आपल्या राज्यात त्याचं काम महारेरा हे प्राधिकरण बघतं. या कायद्याने एजंट कोणाला म्हटलंय ते ऐका. दुसऱ्याच्या वतीने प्लॉट किंवा फ्लॅटचा व्यवहार जुळवून देणारा आणि त्याबद्दल पैसे घेणारा, तो एजंट. विकणारा आणि घेणारा यांची नुसती गाठ घालून देऊन कमिशन घेणाराही त्यातच येतो. त्याला दलाल म्हणा, मध्यस्थ म्हणा, नाहीतर ‘आमच्या ताई’ म्हणा. नावाने फरक पडत नाही. म्हणजे शेजारणीला प्लॉट दाखवायला नेलं आणि त्याचं कमिशन घेतलं, तर आपणही एजंट झालो. आणि महारेराकडे नोंदलेल्या प्रकल्पात हे काम करायचं तर आधी आपली स्वतःची नोंदणी लागते.

नोंदणी नसताना काम केलं तर दंड दिवसाला १०,००० रुपये. तो दिवसागणिक वाढत त्या प्लॉटच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. कागद वाटणारा माणूस हे सांगत नाही. शिवाय उद्या प्लॉटचा घोळ झाला तर लोक त्याच्या दारात जात नाहीत, आपल्या दारात येतात. गटाची पत त्यात जाते, ती वेगळीच.

काही देशांत एजंटाचे चढते परवाने असतात, हाताखालचा वेगळा आणि वरचा वेगळा. आपल्याकडे तशी उतरंड नाही. नोंदणी एकट्या व्यक्तीची असते किंवा फर्म-कंपनीची. महाराष्ट्रात व्यक्तीसाठी शुल्क १०,००० रुपये, कंपनीसाठी १ लाख, आणि मुदत ५ वर्षं. मात्र आता शुल्क भरलं की झालं, असं राहिलेलं नाही. महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा लावली आहे. १ जानेवारी २०२४ पासून ते सक्षमता प्रमाणपत्र असल्याशिवाय काम करता येत नाही. आम्हाला हे चांगलंच वाटतं. ज्यांना खरोखर या धंद्यात उतरायचंय त्यांनी परीक्षा द्यावी, नोंदणी करावी आणि ताठ मानेने कमिशन घ्यावं. बाईला त्यात कुठलीच आडकाठी नाही.

नोंदणी झाली की एजंटावर लक्षही असतं. त्याने प्रमाणपत्र आपल्या कार्यालयात दिसेल असं लावायचं. प्रत्येक व्यवहारात स्वतःचा नंबर लिहायचा. हिशेबाच्या वह्या ठेवायच्या. नोंद नसलेल्या प्रकल्पातला प्लॉट, ज्याची नोंद व्हायला हवी होती असा, त्याने विकायलाच नको. ‘मंजुरी आहे’ असं खोटं सांगायचं नाही, आणि बुकिंगच्या वेळी गिऱ्हाइकाला जे कागद मिळायला हवेत ते मिळवून द्यायचे. यात कसूर झाली तर महारेरा त्याची नोंदणी रद्द किंवा स्थगित करू शकतं.

मग ओळखायचं कसं? प्रकल्पाचा महारेरा नंबर ‘पी’ अक्षराने सुरू होतो, एजंटाचा ‘ए’ने. दोन्ही नंबर मागा. एकच दाखवून दुसऱ्याचं काम भागवणारे भेटतात. महारेराच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की नाव आणि मुदत दिसते. घरातल्या शिकणाऱ्या पोरीला सांगा, मोबाइलवर पाच मिनिटांत होतं. जाहिरातीवर क्यूआर कोडही असायला हवा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर, म्हणजे साधारण ५ गुंठ्यांच्या वर, प्लॉट पाडून विकायचे तर प्रकल्पाची नोंद लागतेच. हायवेलगतचे बहुतेक लेआउट त्याहून कितीतरी मोठे असतात. म्हणून ‘आमचा छोटा प्रकल्प आहे, नंबर लागत नाही’ असं कुणी म्हणालं तर आधी जागा किती ते विचारा.

प्लॉट घेणाऱ्या मैत्रिणींसाठीही एक गोष्ट. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ‘आज अर्धे भरा, कागद पुढच्या महिन्यात’ हे चालत नाही. एजंटाच्या हातात रोख तर देऊच नका.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. नुसत्या शेतजमिनीचा व्यवहार किंवा भाड्याची खोली रेराखाली येत नाही. तिथल्या मध्यस्थाकडे ‘ए’ नंबर नसेल, आणि महारेरा तुमच्या मदतीला येणार नाही. तिथे सातबारा, ८-अ आणि फेरफार ताजे काढून तलाठ्याकडे पडताळा. शेत गुंठ्यागुंठ्याने विकताहेत असं दिसलं तर तुकडेबंदीचा १९४७ सालचा कायदा आहे. त्यात अलीकडे बदल झालेत, तेव्हा त्या गटनंबरासाठी आज काय नियम आहे ते तहसील कार्यालयातच विचारा.

तक्रार महारेराकडे ऑनलाइन करता येते, शुल्क ५,००० रुपये. एकटीला ते जड जातं. एकाच लेआउटमध्ये आपल्यातल्या तीन-चार जणी अडकल्या असतील तर पावत्या, माहितीपत्रक, फोनवरचे निरोप असं सगळं जपून ठेवा आणि पुढच्या मासिक बैठकीला घेऊन या. आपण ते एकत्र बसून बघू.