लीनता : कोणापुढे आणि कोणाची?

मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःचे वर्णन दोन विशेषणांनी करतो (११:२९). मराठी बायबलात ती ‘सौम्य’ आणि ‘लीन’ अशी येतात. आपल्या कानाला दोन्हींचा अर्थ जवळपास एकच लागतो : मान खाली, आवाज हळू. मूळ ग्रीक शब्दांची कुळे मात्र वेगळी आहेत.

पहिला शब्द ‘प्राउस’. अश्वविद्येवरील ग्रंथात झेनोफनने तो माणसाच्या हाताला सरावलेल्या शिंगरासाठी वापरला आहे. (प्रवचनांतून याचा थेट ‘युद्धाचा घोडा’ झाला आहे, तेवढा अर्थ त्या शब्दात नाही.) ॲरिस्टॉटलने या गुणाचा विचार रागाच्या संदर्भात केला. योग्य कारणासाठी, योग्य माणसावर, योग्य वेळी रागावणारा तो सौम्य. जिथे रागवायला हवे तिथेही न रागावणारा त्याच्या लेखी सदोषच. मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायात गाढवावर बसून यरुशलेमात येणाऱ्या येशूला ‘प्राउस’ म्हटले आहे, आणि अवघ्या काही ओव्यांनंतर तोच येशू मंदिरातील सराफांचे चौरंग उलथून टाकतो. मत्तयाला यात विसंगती वाटलेली दिसत नाही.

दुसरा शब्द ‘तापेइनोस’, म्हणजे खालचा, हलका. ग्रीक समाजात हे बहुधा हिणवण्याचे विशेषण. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौलाने त्याला गुणाची प्रतिष्ठा दिली. देवाच्या बरोबरीचा असूनही ख्रिस्त खाली उतरला, तो थेट क्रुसावरील मरणापर्यंत. आणि क्रूस ही तर गुलामांची व बंडखोरांची शिक्षा. इथे उतरणारा आपण होऊन उतरतो, त्याला कोणी ढकलत नाही. माझ्या मते सगळा मुद्दा याच फरकात आहे, आणि चर्चच्या इतिहासात तो वारंवार पुसला गेला. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठाच्या नियमावलीत नम्रतेच्या १२ पायऱ्या सांगितल्या. तिसरी पायरी वरिष्ठांच्या आज्ञापालनाची. स्वेच्छेने मठात आलेल्याला ती शोभतेही. पण हीच मोजपट्टी वरच्याने खालच्याला लावली की लीनतेची ताबेदारी होते.

पंडिता रमाबाईंना हे सोसावे लागले. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्रैक्याच्या सिद्धांतावर, चर्चच्या अधिकारावर त्या प्रश्न विचारू लागल्या. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, त्यापेक्षा संस्कृत का नकोत, हाही त्यांचा एक आक्षेप. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना यात गर्व दिसला. रमाबाईंचे उत्तर असे की सदसद्विवेक देवाला वाहिलेला आहे, धर्माधिकाऱ्यांना नव्हे. दोघींचा पत्रव्यवहार आज छापील उपलब्ध आहे. तो वाचताना जेराल्डिनबाईंची मायाही खोटी वाटत नाही, म्हणून तो अधिकच बोचतो.

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले, त्या रमाबाई केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अखेरची वर्षे हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणत होत्या. प्रचलित भाषांतर त्यांना फार संस्कृतप्रचुर वाटे. जेमतेम अक्षरओळख झालेल्या बायांना कळेल असा शब्द त्या शोधत. १९२२ मध्ये त्या वारल्या; ग्रंथ १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडला.