माटुंग्याचा दिवा, हाजी अलीची गाडी

कफ परेडच्या मच्छीमार नगरात मासळीबरोबर तिची घाणही येतेच. बांगडा साफ करताना कोळणीची सुरी आधी कल्ल्यांखाली शिरते, मग पोट फाडते. डोकी, आतडी, कल्ले टोपलीत पडतात. दुपारी त्याला जो वास सुटतो, तो सूक्ष्म जीव कामाला लागल्याची वर्दी. हेच काम उघड्यावर चाललं तर नुसती दुर्गंधी. हवाबंद टाकीत चाललं तर जळणारा वायू!

टाकीतला शेवटचा कारागीर तर अजबच. मिथेन बनवणारे हे जीव साधे जिवाणूही नव्हेत; 'आर्किया' ही त्यांची वेगळीच शाखा. ऑक्सिजन त्यांना विषासारखा. गाईच्या पोटात ते सुखाने नांदतात, म्हणून नवी टाकी सुरू करताना शेणाचं विरजण लावतात. मात्र नुसती मासळी त्यांना सोसत नाही. तिच्यात नायट्रोजन फार. त्याचा अमोनिया होतो आणि तो वाढला की हे जीव गारद. कार्बन नायट्रोजनच्या साधारण २० ते ३० पट हवा, म्हणून शिळा भात, भाजीचे देठ मिसळायचे. थोडक्यात, टाकीलाही मासळीबरोबर भात लागतो!

हे सगळं मुंबईला नवं आहे असं वाटत असेल, तर माटुंग्याला चला. तिथल्या कुष्ठरुग्णांच्या आश्रमात, म्हणजे आजच्या वडाळ्याच्या अ‍ॅकवर्थ रुग्णालयात, १८९७ साली मैल्यापासून वायू मिळवून दिवे लावले जात होते. इंग्लंडमधल्या एक्सेटरमध्ये असे दिवे लागले होते जेमतेम दोन वर्षं आधी. पुढे माटुंग्याच्या वायूवर इंजिनही चाललं. मला यातलं नवल वाटतं ते असं, की ज्यांना शहराने दूर ठेवलं त्यांच्याच दारी शहराचं हे भविष्य आधी पोचलं.

मग हा वायू गावाकडे गेला आणि गोबरगॅस झाला. जशभाई पटेलांची तरंगत्या टोपीची टाकी खादी ग्रामोद्योग आयोगाने खेडोपाडी नेली. वायू साठला की लोखंडी टोपी वर येते, शेगडी पेटली की हळूहळू खाली बसते. मीटर लागतच नाही. साधारण २५ किलो शेणातून १ घनमीटर वायू निघतो. त्याचं गिऱ्हाईक एकच, घरची चूल.

आता गिऱ्हाइकं वाढली आहेत. हाजी अलीजवळ केशवराव खाड्ये मार्गावर ओल्या कचऱ्याच्या वायूपासून वीज होते आणि २०२२ पासून तिच्यावर विजेच्या गाड्या चार्ज होऊ लागल्या. दुसरी वाट शुद्धीकरणाची. कच्च्या वायूत मिथेन साधारण ५५ ते ६५ टक्के. कार्बन डायऑक्साइड आणि सडक्या अंड्यासारखा वास मारणारा हायड्रोजन सल्फाइड काढून टाकला की तो सीएनजीच्या बरोबरीला येतो. साखर कारखान्यांचा प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ, आजवर खतात जायचा, आता त्यातूनही असा वायू काढतात. उरलेला रबडा पुन्हा शेतातच जातो. शहरातल्या सीएनजीत आणि घरगुती पाइप गॅसमध्ये २०२५-२६ पासून १ टक्का आणि २०२८-२९ पर्यंत ५ टक्के असा वायू मिसळायचं केंद्र सरकारने ठरवलं आहे. ऊसवाल्याला हा वायू म्हणजे दुसरं पीकच म्हणा ना.

मच्छीमार नगराजवळ अशी टाकी बसवायची तर यंत्र मिळेल, शेणही मिळेल. अडचण एकच: मासळीची घाण प्लास्टिकच्या पिशवीसकट फेकली जाते, आणि ती पिशवी या टाकीत कधीच कुजत नाही.